दीड किलोचा टेंट वळवात का पडला?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फोटोही नीट पाहिले. जुळे सोलापूरला राहणारे तुम्ही नवरा-बायको, पहिलाच टेंट, दोघांचा, वजन दीड किलो. मे महिन्यात हिप्परग्याच्या पुढे मित्राच्या शेतात तो लावून बघितला आणि त्याच संध्याकाळी वळीव आला. दहा मिनिटांत टेंट आडवा, एक दांडी वाकली, अंथरूण चिंब. आता विचारताय की असला हलका टेंट खराब हवेत टिकतो तरी का, की तो बदलून तीन किलोचा घ्यावा. सप्टेंबरात हरिश्चंद्रगड करायचा आहे आणि पुढच्या वर्षी हिमालयात जायचं आहे.

बदलू नका. फोटोत कापड कुठेही फाटलेलं नाही, चेन शाबूत आहे, शिवण उसवलेली नाही. उपटल्यात त्या फक्त खुंट्या, आणि त्याही सगळ्या. तीन किलोचा टेंट त्याच जागी, तसाच लावला असता तर तोही उडाला असता.

मी हे कुठल्या अनुभवावर म्हणते ते सांगते. माझा धंदा गणवेश शिवण्याचा. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं, घरात माग होते, त्यामुळे कापडाशी नातं लहानपणापासूनचं. वीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे आणि गेली बारा-तेरा वर्षं सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या भटक्यांचे टेंट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. पाऊस-वाऱ्यात मोडलेला टेंट हातात घेतला की तो कसा मोडला ते बहुतेक वेळा दिसतं. मधोमध फाटलेलं कापड माझ्याकडे क्वचित येतं. येतात ते दोरीच्या फाशाजवळ उसवलेले, दांडीच्या सांध्यात चिरलेले आणि धुळीने चेन खाल्लेले.

मागावर उभ्या धाग्यांचा ताण सुटला की कितीही चांगलं सूत असू दे, कापड बिघडतं. हलक्या टेंटचं तसंच आहे. त्याच्या दांड्या करंगळीपेक्षा बारीक आणि कापड ओढणीपेक्षा पातळ. वाऱ्याला तोंड देतो तो ताण, आणि तो ताण जमीन, खुंट्या आणि दोऱ्या मिळून धरतात. म्हणून आधी तुमच्या शेतातल्या त्या संध्याकाळबद्दल बोलू.

फोटोत टेंटखाली ढेकळं दिसतायत. उन्हाळी नांगरट झालेली काळी जमीन. तिच्यात वीतभर खुंटी म्हणजे भुशात खोचलेली काडी. तुम्ही दोन बोटांनी ओढली असती तरी आली असती. न नांगरलेली काळी जमीनही मे महिन्यात फसवते. खुंटी सरळ भेगेत जाते, घट्ट बसल्यासारखी वाटते आणि दोन्ही बाजूंनी काहीच धरत नाही. पाऊस सुरू झाला, भेगा बुजल्या की पाणी वरच तुंबतं आणि खुंटीभोवती लोण्यासारखा चिखल होतो. आपल्याकडे शेतकरी पेरणीसाठी वाफशाची, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी होण्याची, वाट बघतात. खुंटीलाही वाफशावरची जमीनच आवडते, पण ती आपल्या सोयीने थोडीच मिळते? म्हणून सोलापूर भागात टेंट लावायचा तर मुरमाड माळ किंवा गवत धरलेली पडीक जमीन शोधा, किंचित उताराची. मुरमात खुंटी जड जाते, पातळ असेल तर वाकते, पण एकदा बसली की सुटत नाही.

टेंटसोबत आलेल्या खुंट्या बघा. तारेसारख्या गोल असतील तर त्या घराच्या अंगणापुरत्या. तीन पाकळ्यांच्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या छेदाच्या ॲल्युमिनियमच्या आठ-दहा खुंट्या घ्या. त्यातल्या चार तरी वीतभरापेक्षा लांब असू द्या. वजन शंभर-दीडशे ग्रॅम वाढेल. दीड किलोच्या टेंटवर खर्चायला याहून चांगलं वजन मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट दोऱ्यांची. तुमच्या फोटोत एकही दोरी दिसत नाही, फक्त चार कोपरे ठोकलेले आहेत. फ्लायच्या, म्हणजे आतल्या जाळीवर घालायच्या पाणी अडवणाऱ्या कापडाच्या, बाहेरच्या अंगाला, साधारण कमरेच्या उंचीवर, छोटे फासे शिवलेले आहेत बघा. त्यांच्या दोऱ्या पिशवीत वेगळ्या गुंडाळून दिलेल्या असतात आणि बहुतेक जण त्या गुंडाळी सोडवतच नाहीत. कोपरे टेंटला जमिनीवर धरतात, पण वारा टेंटला मारतो तो पोटात. तिथे दोरी नसली की सगळा भार एकट्या दांडीवर येतो. त्याच फाशाच्या आतल्या बाजूला वेल्क्रोची बोटभर पट्टी असते, ती दांडीभोवती बांधायची. ती बांधली की बाहेरची दोरी फ्लायला न ओढता दांडीला ओढते. तुमची दांडी वाकली ती बहुधा याचमुळे.

किती भार येतो याचा ढोबळ हिशेब करून दाखवते. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. टेंटची रुंद बाजू दीड चौरस मीटर धरली तर ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ६ किलोंचा रेटा येतो. ६० किलोमीटरला तोच २५ किलो. वळवाचा पहिला झोत ६० च्या पुढे सहज जातो. तुमच्याकडे त्या बाजूला दोन खुंट्या होत्या, त्याही ढेकळात.

आता दिशेबद्दल, कारण इथे जाणती माणसंही चुकतात. तुम्ही लिहिलंय की वारा पश्चिमेचा होता, म्हणून टेंटची पायाकडची अरुंद बाजू पश्चिमेला केली. विचार बरोबरच होता. पण ढग तुळजापूरच्या अंगाला जमला होता. वळीव येण्याआधी जमिनीलगतची हवा ढगाकडे ओढली जाते, त्यामुळे आपल्याला वारा ढगाच्या उलट बाजूने येतोय असं वाटतं. मग मिनिटभर सगळं थांबतं, पान हलत नाही. त्यानंतर ढगातली गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि धुळीचा लोट घेऊन ढगाच्या दिशेनेच आपल्यावर येते. म्हणजे वळवात टेंटची अरुंद बाजू ढगाकडे करायची, त्या घटकेच्या वाऱ्याकडे नाही. तुमच्या टेंटचं रुंद दार नेमकं तिकडे होतं.

सह्याद्रीतल्या पावसाळ्यात मात्र हा गोंधळ नसतो. वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा, ठरलेला. पायाकडची बाजू पश्चिमेला करा आणि निवांत राहा. फक्त कड्याच्या जवळ जाऊ नका. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर चढतो, काठावर आल्यावर त्याला कुठलीच दिशा उरत नाही, फ्लायच्या खाली शिरून टेंट उचलायला बघतो. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या अंगाला, कड्यापासून दूर, आडोशाची जागा बघा. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाचं काय ते पायथ्याच्या गावातच विचारून घ्या. गडावर कातळ जास्त, खुंटी जात नाही. तिथे हातभर काठीला दोरी बांधायची, काठी आडवी टाकायची आणि तिच्यापुढे टेंटच्या बाजूला जड धोंडा ठेवायचा. दोरी ताणली की काठी धोंड्याला अडते. दोरी थेट दगडाला गुंडाळलीत तर बेसॉल्टची धार रात्रभरात ती कापते.

पावसाबद्दल तुमची भीती अशी की इतकं पातळ कापड पाणी अडवणार कसं. तुमच्या टेंटवर २० डेनियर लिहिलंय. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. नऊ किलोमीटर धागा आणि वजन २० ग्रॅम, इतकं बारीक सूत. पाणी अडवतं ते त्यावरचं लेपन. लेबलवरचा १,५०० किंवा ३,००० मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापड तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ झिरपू न देता पेलतं. वरून पडणाऱ्या पावसाला १,५०० पुरतात. तळाला जास्त लागतं, कारण ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा टेकता तेव्हा त्या टिचभर जागेवर सगळं वजन येतं. म्हणून खाली ग्राउंडशीट घाला, पण ती तळापेक्षा चार बोटं आत असू द्या. बाहेर डोकावली की फ्लायवरून ओघळलेलं पाणी ती पन्हाळीसारखं तुमच्याखाली आणते. तुमचं अंथरूण भिजलं त्यात या ग्राउंडशीटचाही हात आहे. फोटोत निळं प्लास्टिक दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं दिसतंय.

नायलॉनची एक खोड मात्र समजून घ्या. आमच्या धंद्यात धागा हवेतला ओलावा किती धरतो ते मोजतात. नायलॉन वजनाच्या सुमारे ४ टक्के धरतं, पॉलिस्टर ०.४ टक्के. नायलॉन ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला टेंट दोन तास पावसात राहिला की झोळी होतो. मग फ्लाय आतल्या जाळीला टेकते आणि पाणी आत येतं. माझा पहिला सिलिकॉन-नायलॉनचा टेंट मी सप्टेंबरातच हरिश्चंद्रगडावर नेला होता. रात्री दोनला पायांना गार लागलं म्हणून जाग आली, तर फ्लाय स्लीपिंग बॅगवर पसरलेली आणि बॅग गुडघ्यापर्यंत ओली. माझी खात्री झाली की फसवून विकलाय. बाहेर जाऊन दोऱ्या ओढल्या, टेंट पुन्हा उभा राहिला आणि सकाळपर्यंत एक थेंब आला नाही. तेव्हापासून झोपण्याआधी एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने एकदा मी बाहेर जाऊन ताण बघतेच. दोरीला सरकणारी गाठ किंवा प्लास्टिकची पट्टी असेल तर एका हाताने, बॅटरी तोंडात धरून हे काम होतं. निरगाठ मारून ठेवलीत तर ओल्या दोरीवर नखं मोडतील.

पुढचा मुद्दा शिवणींचा. लेपन पॉलियुरेथेनचं असेल तर शिवणींवर आतून कारखान्यातच टेप लावलेली असते. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर टेप चिकटतच नाही, शिवण उघडी राहते. तुमचं कोणतं ते ओळखायला साधा सेलोटेप लावून बघा. सिलिकॉनवर तो धरत नाही. तसं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर बाहेरून ओढा आणि दिवसभर सावलीत वाळू द्या. फाशांच्या मुळाशी जास्त लावा, तिथे सुईची भोकं जास्त असतात.

आता अशी एक तक्रार, जी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी टेंट न शिवता परत पाठवते. "ताई, सगळीकडून गळतो." बहुतेक वेळा तो गळत नसतो. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ गार फ्लायला आतून धरते. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे कळतच नाही. सह्याद्रीत ढगातच झोपलेलो असताना हवा आधीच पाण्याने भरलेली, वाफेला जायला जागा नाही. वाऱ्याने टेंट हलला की ते थेंब जाळीतून तोंडावर पडतात आणि पाऊस आत आला असं वाटतं. सकाळी फ्लायवर आतून हात फिरवा. थेंब सगळीकडे सारखे असतील तर वाफ. शिवणीच्या रेषेवर किंवा एकाच कोपऱ्यात असतील तर गळती. उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. वरची छोटी खिडकी पावसातही उघडी ठेवायची, दाराची चेन वरून वीतभर खाली, ओले कपडे आत घ्यायचे नाहीत. तरीही थोडी ओल येणारच, ते मान्य करायचं. मी सोलापुरी टर्किश टॉवेलचा रुमालाएवढा तुकडा ठेवते आणि पहाटे आतून पुसून बाहेर पिळते. तो भरपूर पाणी पितो.

थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून आत किंवा टेंटच्या दारापुढच्या ओसरीत स्टोव्ह पेटवणं हे मात्र कधीही करू नका. स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भर पावसात टेंट लावायची वेळ आली तर आतला जाळीचा भाग आधी उभा केल्याने तळात तळं साचतं. काही टेंटना ग्राउंडशीट आणि दांड्यांवर आधी फ्लाय चढवता येते आणि जाळी नंतर आतून अडकवता येते. तुमच्या टेंटला ती सोय आहे का ते घरी बघा, आणि असेल तर गच्चीवर दोघांनी मिळून चार वेळा सराव करा. नसेल तर जाळीवर फ्लाय अंथरूनच दांड्या आत सरकवायच्या. वेळखाऊ आहे, पण जमतं.

हिमालयाबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या वाटांवर, चार हजार मीटरच्या आसपास, हा टेंट चालेल. दुपारनंतर हवा बिघडते, तेव्हा दुपारपूर्वी मुक्काम गाठा. बर्फ पडला तर आतून थापट्या मारून तो वेळीच झाडायचा, कारण ओला बर्फ जड असतो आणि या दांड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. हिवाळ्यात मात्र हा टेंट नेऊ नका, तिथे एकमेकांना छेदणाऱ्या चार-पाच दांड्यांचा घुमटी टेंट लागतो.

काही हवेत कुठलाच टेंट उपयोगाचा नाही, आणि आपल्या भागातली वीज त्यातली पहिली. टेंट विजेपासून शून्य संरक्षण देतो. चमकणं आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर टेंट सोडा, पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. शेतातल्या एकट्या कडुलिंबाखाली किंवा बाभळीखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडत असली तर ते सांगतं. गारांचंही तेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्हाला आठवत असेल. तसल्या गारांपुढे द्राक्षबागा टिकल्या नाहीत, २० डेनियरचं कापड काय टिकणार. तुमची गाडी बांधावरच होती म्हणता, तर त्या दिवशी टेंटच्या दांड्या काढून, कापड जमिनीवर पाडून, वर दगड ठेवून गाडीत बसणं हे सगळ्यात शहाणपणाचं झालं असतं. पाडलेला टेंट मोडत नाही.

घरी आल्यावर टेंट ओला पिशवीत ठेवू नका आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. ओल आणि उष्णता मिळाली की पॉलियुरेथेनचं लेपन चिकट होतं, कुबट वास येतो, पापुद्रे सुटतात. तो टेंट माझ्याकडे आणून उपयोग नसतो. आपल्या उन्हात तासन् तास वाळत घालणंही वाईट, ऊन नायलॉनचा जीव काढतं. सावलीत, पंख्याखाली, मग सैल सुती पिशवीत. चेनमधली धूळ जुन्या ब्रशने झाडून टाका. चेन लागूनही मागे उघडत असेल तर सरकपट्टी पक्कडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकी दाबा, बहुतेकदा तेवढ्यानेच धरते.

राहिली वाकलेली दांडी. गुडघ्यावर घेऊन ती सरळ करू नका. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की तिथे कमजोर होतं, सरळ केलं तर पुढच्या वाऱ्यात तिथेच तुटेल आणि तुटलेलं टोक फ्लाय फाडेल. फक्त तो तुकडा बदलायचा. सांध्यातली नळी सोडून तुकड्याची लांबी मोजा आणि बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्या, ८.५ आणि ९ मिलिमीटर डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत. आतला रबरी दोर सैल झाला असेल तर त्याच वेळी बदला, कारण तो सैल असला की तुकडे पूर्ण आत न बसताच दांडी उभी राहते आणि सांधा चिरतो. सोबत बोटभर लांबीची, दांडीवर सरकेल अशी नळी आणि थोडी चिकटपट्टी ठेवा; डोंगरात दांडी मोडली तर नळी मोडलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळायची. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुकडा मिळाला तर पहिल्या पावसात त्याच मित्राच्या शेतात पुन्हा लावून बघा, पण या वेळी बांधापलीकडच्या मुरमाड पडीकात, पोटातल्या सगळ्या दोऱ्या बांधून, गाडी जवळ ठेवून.